डावी बाजू

खट् असा बारीक आवाज झाला आणि प्यो यनजूची मान वळली. फार नाही, बोटभर. हनुवटी किंचित खाली गेली, डावा गाल उजेडाकडे आला, ओठ एकमेकांपासून केसभर सुटले, आणि श्वास सोडल्यावर छातीत जी रिकामी जागा राहते तिच्यात ती सगळीच्या सगळी थांबली. मग तिच्या लक्षात आलं की इथे कॅमेरा नव्हताच. तिचा धाकटा भाऊ ग्यूसक उदबत्ती पेटवायला वाकला होता आणि त्याच्या हातातला लायटर पहिल्या खटक्याला पेटला नव्हता. समोर पांढऱ्या शेवंतीच्या ढिगात वडिलांचा फोटो होता. फोटोतले वडील तिच्याकडे बघत नव्हते. ते फोटो काढणाऱ्याच्याही पलीकडे कुठेतरी बघत होते, घाबरल्यासारखे. लायटर दुसऱ्यांदा खटकला, पेटला, धूर सरळ वर गेला. अंत्यदर्शनाला आलेले दोन म्हातारे शेजारी गुडघे टेकून वाकले. यनजूही वाकली, काळ्या हानबोकचा, त्या पारंपरिक घेरदार पोशाखाचा, घोळ सावरत, केसांतली पांढरी रिबीन पडू नये म्हणून एक हात डोक्याशी नेत. आणि वाकलेली असतानाच तिला वाटलं, कुणीतरी पाहिलंय. मान वर केली तर स्वयंपाकघराच्या दारात आत्या उभी होती, हातात लाल रश्श्याच्या वाडग्यांचा ट्रे. आत्या तिच्याकडे बघत होती. नुसती बघत होती. मग ट्रे घेऊन पाहुण्यांच्या टेबलांकडे गेली.

इस्पितळाच्या तळघरातल्या अंत्यदर्शनाच्या त्या दिवाणखान्यात पुढे किती माणसं आली, कोण काय बोललं, हे यनजूला नंतर नीटसं आठवेना. सिनेमावाल्यांनी पाठवलेल्या उंच पुष्पचक्रांची रांग दाराबाहेर जिन्यापर्यंत गेली होती आणि वडिलांच्या गल्लीतली माणसं त्यांच्या रिबिनींवरची नावं मोठ्यानं वाचत होती. तिच्या डोक्यात मात्र ती बोटभर वळलेली मान होती. मेलेल्या बापासमोर मी चेहरा दिला, असं तिला वाटत होतं. दिला हा तिच्या पहिल्या फोटोग्राफरचा, यांगसरांचा शब्द. ‘चेहरा दे,’ ते म्हणायचे, जसं काही ती काउंटरपलीकडे उभी आहे आणि चेहरा पुडीत बांधून द्यायचा आहे. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पहिल्या दिवशी, इस्पितळाच्या व्हरांड्यात. पण आता तिला त्या पाण्याचाही भरवसा वाटेना. तेव्हा आपण कुठल्या बाजूनं रडलो? भिंतीकडे तोंड होतं की खिडकीकडे? खिडकी डावीकडे होती.

वडिलांचं इंचनला लाँड्रीचं दुकान होतं. वरून लटकणाऱ्या कोटांच्या रांगा, वाफेचा वास, आणि त्या कोटांखालून वाकून चालणारे वडील. आई लवकर गेली. नंतर घरात बायकांची म्हणून जी काही कामं होती ती मालसुन आत्या येऊन करायची, करता करता भावाला आणि भाचीला यथेच्छ बोलायची. यनजू एकोणीस वर्षांची असताना सोलच्या घाऊक बाजारातला एक कपडेवाला तिथे कोट न्यायला आला. ती कोट घेऊन पुढे आली तर तो म्हणाला, ‘जरा अंगात घाल बघू.’ वडील म्हणाले, ‘घाल, पण सुरकुती पाडू नकोस.’ एवढ्यावर तिचं सगळं सुरू झालं. त्या माणसाच्या कॅटलॉगसाठी यांगसर फोटो काढायचे. एका गोदामात पांढरा पडदा, भर उन्हाळ्यात अंगावर हिवाळी कोट, आणि यांगसरांचा तो शांत, कंटाळलेला आवाज. ‘श्वास सोड. सोडल्यानंतरचा जो रिकामा क्षण आहे ना, तेवढाच माझा. बाकीचा दिवस तुझा.’ पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिला सांगून टाकलं होतं, ‘तुझी डावी बाजू जिवंत आहे. उजवी नुसती तिच्या सोबतीला आलीय.’ ती घरी येऊन आरशात उजवी बाजू बघत बसली होती, एखाद्या गरीब नातेवाइकाकडे बघावं तसं.

कॅटलॉगमधून मासिकं, मासिकांतून साबणाची जाहिरात, आणि साबणातून सिनेमा. पहिल्या चित्रपटात ती एका हरवलेल्या बायकोचं काम करत होती. बायको अर्धा चित्रपट फक्त फोटोत दिसायची आणि परीक्षणं करणाऱ्यांच्या मते तिथेच ती बरी होती. एकानं लिहिलं होतं, दुकानातल्या पुतळ्याला संवाद दिले तर असं दिसेल. तिनं ते कापून पाकिटात ठेवलं नाही की काही नाही; ते आपोआप पाठ झालं. मग बऱ्याच पडेल चित्रपटांनंतर एक म्हातारे दिग्दर्शक भेटले, त्यांनी तिला संपूर्ण चित्रपटभर काही न करता उभं केलं, आणि त्याच परीक्षकानं लिहिलं की ही मौनाची अभिनेत्री आहे, हिच्या थांबण्यात एक अख्खं आयुष्य आहे. पारितोषिक मिळालं. लोक रस्त्यात कमरेत वाकून बोलायला लागले. तिला एकटीलाच माहीत होतं की त्या थांबण्यात आयुष्यबियुष्य काही नव्हतं. ती खटक्याची वाट बघत होती. गोदामातली ती पोरगी अजून श्वास सोडून उभी होती, आणि लोक त्याला अभिनयाची खोली म्हणत होते. इतकी वर्षं हे गुपित तिला तसं सोसलं होतं. कामाचं आहे, घरी आलं की संपतं, अशी तिची समजूत होती. आता वाटत होतं, घर म्हणून काही उरलंच नसेल तर?

वडिलांनी तिचा एकही चित्रपट थिएटरात जाऊन पाहिला नव्हता. मासिकं मात्र बघायचे. चष्मा कपाळावर चढवून फोटो अगदी डोळ्यांशी न्यायचे. ‘ही बाही बघ. कुणी इस्त्री केली ही? दुहेरी घडी पडलीय.’ ‘बाबा, चेहरा कसा आलाय?’ असं तिनं एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, ‘चेहरा तुझाच आहे की. त्याला काय झालंय?’ आणि पुन्हा बाहीकडे वळले. तेव्हा ती हसली होती. मुलाखतींतून तिनं हा किस्सा इतक्यांदा सांगितला होता की सांगताना कुठे थांबायचं, कुठे डोळे खाली घालायचे, हे ठरून गेलं होतं. तोही किस्सा तिनं वापरून गुळगुळीत करून टाकला होता. त्यातला बाप आता खरा होता की तिच्या थांबण्याच्या जागा राखत बसलेला कुणी एक दुय्यम नट, हे तिला सांगता येईना.

अस्थी ठेवून सगळे आपापल्या घरी गेले आणि यनजू चित्रीकरणावर परतली. दिग्दर्शिका बांग तिच्यापेक्षा लहान, डोक्यावर कायम लोकरीची टोपी, बोलताना समोरच्याच्या बुटांकडे बघायची सवय. चित्रपटात यनजू एका लॉजच्या खोल्या साफ करणाऱ्या बाईचं काम करत होती. प्रसंग साधा होता. बाईला फोनवर एक वाईट बातमी कळते, ती फोन ठेवते, आणि समोरच्या गार झालेल्या शेवया खाऊन संपवते. बस्स. बांगला त्यात काहीही नको होतं. क्लॅपची पाटी वाजली, खट्, आणि यनजूची मान वळली. तिनं स्वतःच ती वळताना पाहिली, दुसऱ्या कुणाची बघावी तशी. पुन्हा पाटी वाजली. यावेळी तिनं मान धरून ठेवली, तर खांदा वर आला. मग खांदा धरला, तर शेवया घशात अडकल्या. वाडगी बदलत राहिली, शेवया फुगत राहिल्या. बांग मॉनिटरमागून उठून आली आणि तिच्यासमोर उकिडवी बसली.

‘ताई, एक बोलू? रागावू नका.’

‘बोल ना.’

‘तुम्ही जेवत नाही आहात. जेवताना दिसताय.’

‘माझं काम दिसायचंच आहे,’ यनजू हसत म्हणाली. हसणं चांगलं जमलं. बांग हसली नाही.

‘घरात एवढं झालंय तुमच्या,’ बांग बुटांना म्हणाली. ‘मीच घाई केली. थोडे दिवस थांबू या आपण. मी तोवर दुसरे प्रसंग उरकते.’

थोडे दिवस म्हणजे किती, हे तिनं सांगितलं नाही आणि यनजूनं विचारलं नाही. परतताना तिची मॅनेजर छे गाडी चालवत होती आणि कानातल्या यंत्रावर कुणाशी तरी ‘हो, हो, कळलं, नाही, अजून तसं काही नाही’ असं बोलत होती. ‘अजून’ हा शब्द यनजूला मागच्या सीटवर नीट ऐकू आला. तिच्या जागी कुणाला घेतील याचा अंदाज तिला होता. त्या मुलीच्या दोन्ही बाजू जिवंत होत्या. घरी पोचल्यावर सीटचा पट्टा सोडला, खटका झाला, मान वळली. मायक्रोवेव्हचं दार. भाताच्या कुकरचं झाकण. औषधाच्या डबीचं बूच. शहरात इतकी बटणं आणि झाकणं असतात हे तिला आजवर माहीत नव्हतं. कधी मान वळायची, कधी वळायची नाही, पण न वळल्यावरही ती वळली नाही हे बघायला कुणीतरी आत उभं असायचंच. दाराचं कुलूप लावताना ती हलक्या हातानं, चोरासारखी लावू लागली. मानेला दुखण्यावरच्या औषधी चिकटपट्ट्या लावून ती सोफ्यावर बसायची आणि सबंध घराला पेपरमिंटचा वास येत राहायचा. मी एकटी असताना कशी दिसते, या प्रश्नाला उत्तर नाही हे तिला कळत होतं, आणि तरी ती दिवसभर त्याच्याशीच झटत होती.

आणि आत्या. आत्यानं पाहिलं होतं, आणि ती काहीच बोलली नव्हती. आत्यानं न बोलणं म्हणजे काहीतरी भयंकर होतं. लहानपणी यनजूनं उष्टं टाकलं, उशिरा घरी आली, ओठांना रंग लावला, प्रत्येक वेळी आत्याचं तोंड आधी सुटायचं आणि चप्पल मागून. एकदाच आत्या गप्प बसली होती, आईच्या आजारात, डॉक्टरांशी बोलून आल्यावर. म्हणून फोनवर आत्याचं नाव उमटलं तेव्हा यनजूनं तो थोडा वेळ वाजू दिला.

‘जिवंत आहेस का गं?’ आत्या म्हणाली.

‘आहे, आत्या.’

‘मग उचलत का नाहीस? उद्या ये इकडं. एकटी ये. ती तुझी कानात बोलणारी बाई नको.’

‘काही झालंय का?’

‘होतंय काय आता. एक बोलायचंय. फोनवर बोलण्यासारखं नाही.’

रात्रभर यनजू आत्याची वाक्यं स्वतःच रचत राहिली. बापाच्या चितेवर पण तुझा सिनेमा चालू. लाज नाही वाटली. म्हणूनच दाखवायला आली होतीस होय. प्रत्येक वाक्याला तिच्याकडे एक उत्तर तयार होई आणि प्रत्येक उत्तर बोलताना आपण कसे दिसू हेही तिला दिसे. सकाळी गाडी काढून ती निघाली तेव्हा आकाश पांढरट होतं, खाडीवर धुरकट. आत्याची इमारत बंदराजवळच्या जुन्या वस्तीत. जिन्यात खारवलेल्या कोळंबीचा वास होता; आत्यानं बाजारातला गाळा सोडून वर्षं झाली, पण वास जिन्यानं सोडला नव्हता.

आत्या खाली बसून सोयाबीनच्या मोडांच्या शेपट्या खुडत होती. वर्तमानपत्रावर पिवळ्या डोक्यांचा एक ढीग, शेपट्यांचा एक. ‘बस,’ ती म्हणाली. ‘हात धुऊन बस.’ यनजू समोर बसली आणि खुडू लागली.

‘त्या दिवशी मी पाहिलं तुला,’ आत्या म्हणाली.

यनजूच्या हातातला मोड अर्ध्यातच तुटला. ‘कधी?’

‘कधी काय कधी. ग्यूसक उदबत्ती लावत होता तेव्हा. तू अशी झालीस.’ आणि आत्यानं ते करून दाखवलं. तिची आखूड, जाड मान वळली, हनुवटी खाली गेली, ओठ सुटले. ते जितकं वाईट होतं तितकंच अचूक होतं.

‘आत्या, मी मुद्दाम नाही केलं. मला कळतच नाही. आपोआप होतं. हल्ली तर सारखंच—’

‘मुद्दाम केलंस असं म्हणतंय कोण? ऐकून घेशील का?’ आत्यानं शेपट्यांचा ढीग बाजूला सारला. ‘तीन दिवस तिथं माणसं येऊन तोंडाकडं बघत होती. तुझे ते काळ्या चष्म्यांचे लोक, ग्यूसकच्या कचेरीतले, गल्लीतल्या भवान्या. भाऊ गेला माझा. आणि मला माझं तोंड कुठं ठेवावं कळत नव्हतं. रडावं तर शेजारीण म्हणणार, ढोंग करते. न रडावं तर म्हणणार, दगड आहे. मी आपली आत जाऊन रस्सा ढवळत होते. लागत नव्हता तरी ढवळत होते. आणि बाहेर बघते तर तू. मला वाटलं, हिला एकटीला तरी कळतंय तोंड कुठं ठेवायचं ते.’

यनजूनं रात्री रचलेल्या वाक्यांत हे वाक्य नव्हतं.

‘आणि तुझ्या बापाचा फोटो बघितलास ना?’ आत्याचा आवाज चढला. ‘गाडीच्या परवान्यावरचा वाढवून लावला त्या शहाण्या ग्यूसकनं. पोलिसांनी पकडून आणल्यासारखा बसलाय. सगळी माणसं त्याच्यापुढं वाकत होती आणि तो म्हणत होता, मी काही नाही केलं हो साहेब. माझा भाऊ असा होता? हसायचा तेव्हा दुकानातले कोट हलायचे.’ ती थांबली. नाक पदराला पुसावं तसं बाहीला पुसलं. ‘मला तसं नाही लटकायचं. खाली कोपऱ्यावर म्हाताऱ्यांचे फोटो काढतो एक जण. आधीच काढून ठेवला की आयुष्य वाढतं म्हणे. आयुष्य गेलं खड्ड्यात, पण फोटो बरा यायला हवा. आज दुपारची वेळ घेतलीय. तू चल, आणि मला शिकव.’

‘काय शिकवू?’

‘तोंड कुठं ठेवायचं ते. वीस वर्षं काय करत होतीस मग?’

यनजू हसली. हसता हसता तिचा चेहरा कसातरीच वाकडा झाला, आणि आत्या म्हणाली, ‘अगं बाई, असं नको हं मला शिकवूस.’

पुढे बांगनं तिला परत बोलावलं. लगेच नाही, मधे बरेच फोन झाले, छेनं बरंच काही तोडलं-जोडलं, दुसऱ्या मुलीचं नाव आलं आणि मागे पडलं. शेवयांचा प्रसंग एका पावसाळी सकाळी झाला. मान तेव्हाही वळली होती, आणि बांगनं नेमका तोच तुकडा ठेवला. का, हे तिनं सांगितलं नाही. यनजूनंही चित्रपट बघताना त्या जागी डोळे मिटून घेतले नाहीत, एवढंच. मानेचं ते दुखणं बरं झालं असं काही म्हणता येणार नाही. भीतीही गेली नाही. कधी कधी लिफ्टच्या दारात ती अजून थबकते. पण त्या दुपारी यातलं काहीच तिला ठाऊक नव्हतं. ती आत्याच्या केसांना फणी लावत होती आणि आत्या ‘ओढू नकोस’ म्हणून तिच्या हातावर चापट्या मारत होती.

फोटोवाल्याचं दुकान छोटं होतं. मागे निळसर पडदा, पुढे एक स्टूल, एका कोपऱ्यात भाड्याचे कोट आणि टाय. फोटोवाल्यानं यनजूला ओळखलं, कमरेत वाकला, काही बोलणार होता, पण आत्या मधेच म्हणाली, ‘फोटो माझा आहे.’ शेवाळी रंगाच्या हानबोकमध्ये ती स्टुलावर बसली आणि बसताक्षणी बदलली. बाजारात कोळंबी तोलणारी, शिव्या देणारी बाई कुठे गेली कळेना. दिव्यांच्या उजेडात एक लहानखुरं, अंग चोरलेलं माणूस उरलं. एक खांदा वर. डोळे मोठे. हाच तो फोटो होता, शेवंतीच्या ढिगातला. बाबाही असेच बसले असणार, परवाना काढायला गेले होते तेव्हा, कुणा अनोळखी माणसासमोर, आणि शेजारी कुणी नव्हतं खांदा खाली कर म्हणायला.

ती पुढे झाली. खांद्यावर हात ठेवून तो खाली केला. मग कॅमेऱ्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत ती या बाजूला कधी उभी राहिली नव्हती. इथून सगळं वेगळंच दिसत होतं. समोरचं माणूस केवढं एकटं असतं, आणि केवढ्या आशेनं इकडे बघतं. बरी आहे ना मी, एवढंच विचारत असतं ते. ती आत्याच्या बाजू बघू लागली. डावी बघितली. उजवी बघितली. उजवीकडे गालाची एक सुरकुती कानापाशी दुमडत होती, ती वडिलांची होती. हसण्याच्या आधी ती तिथे दुमडायची. यनजूनं ती आयुष्यभर पाहिली होती आणि आज पहिल्यांदा बघत होती.

‘उजवीकडून घ्या,’ ती फोटोवाल्याला म्हणाली.

‘दात दाखवू का?’ आत्यानं ओठ न हलवता विचारलं.

‘नको. ओठ नुसते सैल सोड.’

‘सैल सोडले की रडू येतं.’

‘मग रडून घे. ते थांबतील.’

‘पावडर लावलीय मी,’ आत्या चिडून म्हणाली. ‘कुणाकडं बघू? त्या काळ्या डोळ्याकडं बघवत नाही मला.’

‘माझ्याकडे बघ.’

आत्यानं बघितलं. ‘आता श्वास सोड,’ यनजू म्हणाली, आणि तिचा आवाज तिला ओळखू आला नाही, इतका तो हळू होता. ‘सगळा सोड. घाई नाही कुणाला.’ आत्यानं श्वास सोडला. खांदे उतरले. कानापाशी ती सुरकुती आली, दुमडली, आणि दुकानाचं शटर वर जावं तसा चेहरा उघडा झाला. खटका झाला.

‘वा,’ फोटोवाला कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर बघत म्हणाला. ‘एकदम छान आलाय, आजी. पहिल्याच फटक्याला. उठा आता.’

‘अजून एक घ्या,’ यनजू म्हणाली. ‘डोळे मिटले होते.’

‘नाही हो. चांगले उघडे आहेत. हे बघा ना.’

‘माझे,’ यनजू म्हणाली. तिनं हाताच्या पालथ्या बाजूनं दोन्ही गाल पुसले. ‘माझे मिटले होते. मला बघायचं राहिलं.’